हिरड्या वाढल्या? मुलाला ओरडण्याआधी गोळीचं नाव वाचा

फिटच्या गोळ्या चालू असलेल्या मुलाच्या हिरड्या फुगू लागल्या, की घरचे म्हणतात, "दात नीट घासत नाहीस!" दवाखान्यात कधी कधी ऐकू येतं, "फिट थांबल्यात ना? मग हिरड्यांचं काय एवढं!" ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत.

फेनिटॉइन हे औषध अपस्मारासाठी १९३८ पासून वापरात आहे आणि त्याने हिरड्या वाढतात हे १९३९ पासून ठाऊक आहे. ते घेणाऱ्या साधारण निम्म्या रुग्णांत हा परिणाम कमी-अधिक दिसतो. मुलांत आणि तरुणांत जास्त. औषधामुळे हिरडीत तंतुमय ऊती साठतात. पहिल्या काही महिन्यांतच, बहुधा पुढच्या दातांच्या फटींमधली हिरडी जाड होऊ लागते. दातांवर कीटण असेल तर ही वाढ जोर धरते, आणि वाढलेल्या हिरडीमुळे ब्रश नीट पोचत नाही. म्हणजे स्वच्छता हवीच. पण सुरुवात गोळीने केलेली असते, मुलाच्या आळसाने नव्हे.

आणि "काय एवढं?" तर ऐका. सोळा वर्षांची मुलगी तोंडावर हात धरून हसते, फोटो टाळते आणि एक दिवस गुपचूप गोळी बंद करते. अचानक गोळी थांबली, तर न थांबणारी फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. त्यामुळे हा विषय निव्वळ दिसण्याचा नाही.

म्हणून गोळी सुरू होतानाच डॉक्टरांना विचारा: "याने हिरड्या वाढतात का? आमच्या मुलाला लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिनसारखं दुसरं औषध चालेल का?" निर्णय डॉक्टरांचा, प्रश्न विचारणं तुमचा हक्क. स्वतःहून गोळी बदलू नका, थांबवू नका. सुरुवातीलाच दंतवैद्यांना दाखवा, त्यांना औषधाचं नाव सांगा आणि ते सांगतील तेव्हा दात साफ करून घ्या. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, आणि दातांच्या फटींचीही सफाई. वाढलेली हिरडी कापून काढता येते. पण तीच गोळी आणि तेच कीटण राहिलं तर ती पुन्हा वाढू शकते.

ऐंशीहून अधिक वर्षं माहीत असलेला दुष्परिणाम रुग्णाला आरशात पाहून कळावा, हे आम्हा डॉक्टरांना शोभत नाही. आम्ही सांगितलं नाही, तर तुम्ही विचारा.