सवड कोणाला आहे?

"सध्या मरायलाही सवड नाही हो!" हे वाक्य आमच्या प्राध्यापक-कक्षात दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येते, आणि ते उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खेदापेक्षा अभिमानच अधिक असतो. मीही त्याला अपवाद नाही. परवा माझी मुलगी पुढील शिक्षणासाठी पुण्याला जायला निघाली. सामानाची आवराआवर करताना तिची जुनी प्रगतिपुस्तके हाती लागली. पालकांच्या स्वाक्षरीच्या रकान्यात सर्वत्र माझीच सही. चौथीच्या पुस्तकात वर्गशिक्षिकेने लिहिले होते, "हल्ली वर्गात बोलत नाही. घरी विचारावे." या शेऱ्याच्या बरोबर खाली माझी वळणदार सही होती. शेरा मात्र मी त्या दिवशी प्रथमच वाचला.

त्याच वर्षी मी विद्यापीठाच्या अडीचशे उत्तरपत्रिका तपासल्याचे मला पक्के आठवते. एकेका उत्तरपत्रिकेला दहा मिनिटे धरली, तरी जवळजवळ बेचाळीस तास झाले. परक्यांच्या लेकरांनी काय लिहिले आहे हे मी बेचाळीस तास मन लावून वाचले. माझ्या लेकराविषयी लिहिलेल्या दोन ओळी वाचायला मला सवड नव्हती. तेव्हा कोणी टोकले असते, तर माझे उत्तर तयार होते : "हे सारे तिच्यासाठीच तर चालले आहे ना?"

विद्यार्थी मित्रहो, हे उत्तर ज्याला खरोखर शोभले असते, असा एक बाप मी पाहिला आहे. तो म्हणजे माझाच. आमचे बाबा मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते आणि आम्ही कोकणात, गावी. ते वर्षातून दोनदा येत, गणपतीला आणि शिमग्याला. एरवी यायची ती त्यांची मनीऑर्डर. तिच्या तळाशी मजकुरासाठी बोटभर जागा असे, आणि तेवढ्यात बाबा आईला, आजीला व आम्हा तिघा भावंडांना बसवीत. माझ्या वाट्याला "अभ्यास कर" एवढेच येई. लालबागच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या त्या माणसाने मुलांना वेळ द्यायचा म्हणजे कोठून द्यायचा? आमच्या वाडीतील बहुतेक घरांची हीच कथा. 'मनीऑर्डरवर जगणारे कोकण' असे लोक थट्टेने म्हणत. पण त्या मनीऑर्डरीमागे बापांविना वाढणाऱ्या पोरांची एक अख्खी पिढी होती, याचा हिशेब कोणी मांडल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे मागे असा कधी घेतलाच गेला नाही. अनेक कामगार गावोगाव परतले, बाबाही आले. मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी त्यांनी मला गरीने मासे धरायला शिकवले, झाप विणायला शिकवले, लावणीच्या चिखलात शेजारी उभे केले. रात्री पडवीत साच्यांच्या आवाजाची नक्कल करून दाखवीत. माझ्या बालपणीचे ते सर्वांत सुखाचे वर्ष. याच वर्षी आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि घरात दोन वेळच्या पेजेची भ्रांत होती. बाबांच्या आयुष्यातले ते सर्वांत वाईट वर्ष होते, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून "वेळ हाच खरा पैसा" वगैरे उपदेश कोणी केला की मला राग येतो. ज्याच्या वेळेचा मालक दुसराच कोणी आहे, त्याला वेळेचे मोल सांगण्यात काय हशील? ऊसतोडणीला जाणाऱ्याला किंवा रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला प्रश्न विचारायचाच, तर तो वेतनाचा आणि रजेचा विचारावा. आपल्याकडे १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन मातेची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, हे योग्यच झाले. पण त्या कायद्यात बापासाठी रजाच नव्हती. केंद्र सरकारच्या नोकरांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी नोकरीत मालक देईल ती खरी.

माझी गोष्ट वेगळी. मला दिवाळीची सुटी होती, उन्हाळ्याची होती, संध्याकाळ माझी होती. ती मी समित्यांना, सत्कारांना आणि (खरे सांगायचे तर) गप्पांच्या अड्ड्याला वाटून टाकली. मी काही एकटाच नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत, घरातील माणसांची देखभाल करणारे पुरुष शेकडा १४ आढळले, तर स्त्रिया शेकडा सुमारे २८. जे करीत होते, त्यांचाही वेळ दिवसाकाठी सरासरी ७६ मिनिटे, तर स्त्रियांचा १३४. उरलेल्या शेकडा ८६ पुरुषांत लग्न न झालेले आणि पोरसवदाही आले, हे मान्य. पण ते सारेच काही गिरणीच्या पाळीवर नव्हते.

काहीजण म्हणतात, वेळ थोडा असला तरी चालेल, तो चांगला हवा. रविवारी दोन तास मुलांना बागेत नेले की झाले! माझा अनुभव निराळा आहे. मुले ठरवून दिलेल्या वेळी बोलत नाहीत. सायकलची साखळी बसवताना, भाजी निवडताना, दिवे गेल्यावर अंधारात बसलेले असताना ती एकदम काही तरी सांगून टाकतात. त्या वेळी तुम्ही तिथे असावे लागते, आणि तेही निरुद्योगी. आमच्या घरी अशा वेळी तिची आई असे, म्हणून लेकीच्या मनातले सारे तिला ठाऊक, आणि मला ते जेवताना बातम्यांसारखे कळे.

तुमच्यापैकी पुष्कळजण दहा वर्षांत बाप होतील. तेव्हा समितीचे निमंत्रण घेऊन आमच्यासारखे कोणी दाराशी आले, तर "घरी काम आहे" असे बेलाशक सांगा. त्याने काही कोणाची नोकरी जात नाही. मी तपासून पाहिले नाही, एवढेच.

एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहताना मी लेकीला विचारले, "चौथीत असताना तू वर्गात बोलेनाशी झाली होतीस म्हणे. काय झालं होतं गं?"

तिने जरा विचार केला. मग हसून म्हणाली, "आता नाही आठवत, बाबा." तेवढ्यात गाडी फलाटाला लागली.