बुटांचा एक जोड आणि ‘एलिझाबेथ’ नावाची सायकल

तुमच्या घरात कधी असं झालंय का? शाळेनं काहीतरी आणायला सांगितलेलं असतं आणि मूल घरी आल्यावर त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. विसरलेलं नसतं ते. आज महिन्याची २६ तारीख आहे आणि बाबांचा पगार १ तारखेला होतो, एवढा हिशोब त्यानं मनातल्या मनात करून टाकलेला असतो.

आजच्या सदरात अशा मुलांचे दोन सिनेमे घेऊन आलेय. एक तेहरानचा, एक आपल्या पंढरपूरचा. लागोपाठच्या दोन रविवारी घरच्यांना घेऊन बघा.

पहिला रविवार : चिल्ड्रन ऑफ हेवन

१९९७ सालचा हा इराणी सिनेमा, दिग्दर्शक माजिद मजिदी. मूळ फारसी नावात ‘बच्चे’ आणि ‘आसमान’ हे आपल्या ओळखीचे दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे परकं वाटायचं काही कारण नाही.

गोष्ट एवढीशी आहे. अली धाकट्या बहिणीचे, झाहराचे, फाटलेले बूट शिवून आणायला जातो. परत येताना बटाटे घ्यायला दुकानात शिरतो आणि बुटांची पिशवी बाहेर ठेवतो. तेवढ्यात भंगार गोळा करणारा माणूस ती पिशवीही चुकून घेऊन जातो. बूट गेले! घरी आई आजारी, घरभाडं थकलेलं. नवीन बूट घ्यायला बाबांकडे पैसे नाहीत हे अलीला पक्कं ठाऊक आहे.

मग रात्री आई-बाबा त्याच खोलीत बोलत असताना ही दोघं अभ्यासाचं नाटक करत वहीत एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात. तोडगा असा निघतो : झाहराची शाळा सकाळची, अलीची दुपारची. अलीचे कॅनव्हासचे बूट दोघांनी वापरायचे. शाळा सुटली की झाहरा जिवाच्या आकांतानं पळत येणार, गल्लीत बूट बदलणार आणि मग अली शाळेकडे पळत सुटणार. एकदा ढगळा बूट झाहराच्या पायातून निसटून गटारात पडतो आणि वाहत जातो. ती त्याच्यामागे धावते. माझ्या फ्लॅटमेटनं तेव्हा अक्षरशः उशी घट्ट धरली होती!

पुढे एका शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाला बुटांचा जोड बक्षीस आहे हे अलीला कळतं. पहिला आणि दुसरा नंबर त्याला नकोच आहे. त्याला तिसरं यायचंय. शर्यतीचं काय होतं ते मी सांगणार नाही, तुम्हीच बघा. पण शेवटी अंगणातल्या हौदात पाय सोडून बसलेला अली आणि त्याच्या फोड आलेल्या पावलांभोवती जमणारे मासे बघताना रुमाल जवळ असू द्या.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो एक साधा प्रसंग. अलीचे बाबा मशिदीसाठी साखरेचे मोठे खडे फोडत बसलेत. झाहरा त्यांना चहा आणून देते. ते साखर मागतात. समोर एवढी साखर आहे की, असं ती म्हणते. त्यावर ते सांगतात, ती मशिदीची आहे, आपली नाही. दोन-तीन वाक्यांत विषय संपतो, कुणी भाषण देत नाही. पण या घरातली मुलं अशी का आहेत, ते आपल्याला कळून जातं.

परदेशी भाषेतल्या सिनेमाच्या विभागात ऑस्करचं नामांकन मिळालेला हा पहिला इराणी सिनेमा. २०१० साली प्रियदर्शननं त्यावरून हिंदीत ‘बम बम बोले’ केला. बंगळूरच्या आमच्या ऑफिसात पाच भाषांचे लोक शेजारी-शेजारी बसतात. तमिळ विभागातली मैत्रीण म्हणाली, आमच्याकडेही झालाय, ‘अक्का कुरुवी’. एका बुटाच्या जोडानं बराच प्रवास केलाय म्हणायचा.

दुसरा रविवार : एलिझाबेथ एकादशी

आता पंढरपूर. परेश मोकाशी दिग्दर्शित आणि मधुगंधा कुलकर्णी लिखित हा सिनेमा १४ नोव्हेंबर २०१४ ला, म्हणजे बरोबर बालदिनी, प्रदर्शित झाला. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

ज्ञानेश आणि त्याची बहीण झेंडू. वडील नाहीत, घरात आई आणि आजी. वडिलांनी स्वतः बनवलेली सायकल मागे राहिलीय. तिचं नाव एलिझाबेथ! आई मशीनवर स्वेटर विणून घर चालवते. कर्ज थकतं आणि ते मशीनच जप्त होतं. मशीन सोडवायचं तर पैसे हवेत आणि घरात विकण्यासारखी एकच वस्तू आहे. ती म्हणजे एलिझाबेथ.

नेमकी कार्तिकी एकादशी आलेली, गावात वारकऱ्यांची गर्दी. मुलं ठरवतात की यात्रेत बांगड्यांचं दुकान टाकायचं आणि सायकल वाचवायची. अर्थातच घरी न सांगता. या मुलांच्या तोंडची भाषा अस्सल पंढरपुरी आहे. शिव्याही येतात, आधीच सांगून ठेवते. मी सोलापूरची, त्यामुळे मला तर माहेरी गेल्यासारखं वाटलं.

दोन्हीकडे व्हिलन नाही

तेहरानची भावंडं कुजबुजतात, पंढरपूरची आरडाओरडा करून धंदा करतात. पण दोन्ही सिनेमांत एक गोष्ट सारखीच आहे. वाईट माणूस शोधायला गेलात तर सापडत नाही. भंगारवाल्यानं बूट चोरलेले नसतात. सायकल विकायला निघालेली आईही दुष्ट नसते. पैसे कमी आहेत आणि माणसं चांगली आहेत, एवढंच. अशा घरात मुलं एक काम आपणहून अंगावर घेतात, मोठ्यांना त्रास होईल असं काही कानावर न घालण्याचं.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये.

मी सहावीत होते तेव्हा शाळेची सहल महाबळेश्वर-प्रतापगडला जाणार होती. साडेचारशे रुपये भरायचे होते. आई तेव्हा साड्यांना फॉल-पिको करायची. एका साडीमागे किती सुटतात हे मला पाठ होतं. मी घरी सांगितलं, “मला नाही जायचं, मला गाडी लागते.” विषय संपला.

गेल्या दिवाळीनंतर आई माझ्याकडे बंगळूरला आली होती. आम्ही लॅपटॉपवर ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ लावला. सबटायटल्स भराभर जात होती म्हणून मीच मराठीत सांगत होते. सिनेमा संपला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुला गाडी कधी लागायची गं? आजोळी जाताना खिडकीत बसून भेळ खायचीस की.”

मला काय बोलावं कळेना.

“मला तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. “पण तू इतकं छान खोटं बोललीस, मी म्हटलं बरं झालं. ते बरं वाटलेलं अजून सलतं.”

चौदा वर्षं मला वाटत होतं की मी आईपासून काहीतरी लपवलंय. आई माझ्यापासून त्याहून मोठं लपवून बसली होती.

मुलांबरोबर बघताना

• ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ दीड तासाच्या आत संपतो. लहान मुलांना सबटायटल्स वाचता येत नसतील तर तुम्हीच मराठीत सांगत चला. आजी-आजोबांसाठीही तेच.

• मध्येच “बघ, तुला किती मिळतं, त्यांच्याकडे बूटसुद्धा नाहीत” असं ऐकवू नका. सिनेमाचा शिकवणीचा तास होतो आणि मूल मनानं उठून जातं.

• झाहराला तिचे बूट शाळेतल्या दुसऱ्या मुलीच्या पायात दिसतात. भावंडं तिच्या घरापर्यंत जातात, तिचे वडील आंधळे आहेत हे बघतात आणि काही न मागता परत फिरतात. इथे थांबून मुलांना एवढंच विचारा, “तू काय केलं असतंस?” उत्तर काहीही येवो, दुरुस्त करू नका.

• ‘एलिझाबेथ एकादशी’ बघून झाल्यावर घरातल्या मोठ्यांनी आपल्या पहिल्या सायकलची गोष्ट सांगायची. भाड्याची असली तरी चालेल.

आणि जमलं तर आणखी एक करा. मुलं झोपल्यावर आपल्या आईला फोन लावा. लहानपणी “मला नकोच होतं” म्हणून जे काही सोडलं होतं, ते आज खरं काय होतं ते सांगून टाका. तिला बहुतेक माहीत असेल. तरी सांगा.

पुढच्या वेळी भेटू, नवीन सिनेमा घेऊन.