खेळायला वेळ कुणाला?



आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात दोन जुने संगणक आले आणि मुलींची हजेरी वाढली. अपूर्णांकांना घाबरणाऱ्या मुली खेळातली भाकरी वाटता वाटता पाव आणि निम्मे यांचा हिशेब करू लागल्या. चुकलं तर पडदा ओरडत नाही, पुन्हा संधी देतो. वर्गात हसं होईल म्हणून गप्प बसणाऱ्या मुलीला याचं मोल फार.

हे साधन आपल्याला परकं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्यातून मुलं कविता ऐकू लागली, धडे पाहू लागली. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. त्याआधीच राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले होते.

पण कोड उघडायला फोन लागतो. घरातला फोन कुणाच्या खिशात असतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के निघाल्या, पुरुष ५७ टक्के. २०१९ साली गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यातल्या ठाकोर समाजाच्या काही गावांनी अविवाहित मुलींना मोबाईल वापरायला बंदी केली. आपल्याकडे असा ठराव करावा लागत नाही. ‘मुलीच्या हातात फोन नको’ एवढं आईनं म्हटलं की काम भागतं. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा भावाचा तास आधी आणि बहिणीचा उरला तर, हे आम्ही घरोघरी पाहिलं.

मुलांना स्वतःचे खेळ रचता यावेत म्हणून अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेली ‘स्क्रॅच’ ही प्रणाली मोफत मिळते. ती वापरून आमच्या तिघींनी एक खेळ रचला. मुलीनं पाणी भरायचं, धाकट्याला सांभाळायचं आणि घंटा व्हायच्या आत शाळा गाठायची. प्रत्येक वेळी घंटा आधीच होई. मी म्हटलं, ‘वेळ वाढवू या.’ एक जण म्हणाली, ‘ताई, घरी कुठं वाढवून मिळतो?’

मला उत्तर सुचलं नाही. ते मुलींनीच शोधलं. त्यांनी खेळात मोठा भाऊ आणला आणि त्याच्या डोक्यावर हंडा दिला. मुलगी वेळेवर शाळेत पोचली!

आपल्या कामाची दिशा मला इथं दिसते. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या बायांनी विचारावं, शाळेतल्या संगणकाला मुलींचा हात किती वेळ लागतो? बचत गटाच्या बैठकीत घरातल्या फोनच्या वेळेची वाटणी बोलली जावी. मुलीला कुणी फोनवरून त्रास दिला तर फोन काढून घेण्याऐवजी तिच्या बाजूनं उभं राहायचं, हेही ठरवू या. आणि हंडा कुणी उचलायचा, हा आपला जुना प्रश्न आहेच. तो सुटल्याशिवाय कोणतंही नवं यंत्र मुलींपर्यंत पोचणार नाही.

तुमच्या गटातले अनुभव जरूर कळवा.