आभाळाचा सातबारा कुणाच्या नावावर?

सांगलीचा आमचा एक दोस्त गणितात एम.एस्सी. झाला, आता पीएच.डी.ला लागलाय. विषय, ताऱ्यांमधल्या वायूंचं वाहणं. लगेच आपलेच कार्यकर्ते विचारतात, समाजाला याचा काय उपयोग? जातीवर काहीतरी कर की!

मी सूतगिरणीत रिंगखात्यात राबतो. त्याची समीकरणं मला कळत नाहीत, पण हा सवाल बरोबर कळतो. दुसऱ्यानं विषय नेमून द्यायचा, हा मनूचाच धंदा. १९०० साली बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या हायस्कुलात लागलं. बसायला गोणपाट, तेही बाजूला. पुढं मुंबईत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. फळ्यावर गणित सोडवायला उठले, तर सवर्णांची पोरं फळ्यामागचे डबे उचलायला धावली. त्या माणसानं लंडनची डॉक्टरेट १९२३ साली मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. जातीवर त्यांनी लिहिलंच, पण कुणी नेमून दिलं म्हणून नव्हे.

दोस्त सांगतो, वायूचा ढग स्वतःच्याच वजनानं आत ओढला जातो, आतला दाब त्याला बाहेर रेटतो. वजन भारी पडलं की ढग कोसळतो, त्यातनं तारा होतो. जीन्स नावाच्या गोऱ्यानं हे १९०२ साली मांडलं. आपल्या पोरानं त्याच्या पुढचं मांडायचं नाही?

२०२३ साली आझाद मैदानात आपलेच संशोधक फेलोशिपसाठी बसले होते. भांडायचंय ना? त्या पैशासाठी भांडा. त्याच्या वहीला हात लावू नका.