भाकरी आणि भुई

निर्वासितांच्या मदतीचा हात आखडता घेण्याची जी लाट 2025 पासून श्रीमंत राष्ट्रांत आली आहे, तिच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. ही मदत म्हणजे तळ फुटलेला रांजण. कितीही ओता, भरायचा नाही. 2024 च्या अखेरीस जगात 12 कोटींहून अधिक माणसे घरादाराला पारखी झाली होती. हा आकडा पाहून कोणाचेही अवसान गळावे, हे खरे. परंतु रांजणाची उपमा आम्हाला मान्य नाही. शंभर वर्षांपूर्वीचा ग्रीस तिच्याविरुद्ध साक्ष देतो.

1919 साली दोस्त राष्ट्रांच्या संमतीने ग्रीक सैन्य स्मर्ना बंदरात उतरले, अनातोलियाच्या अंतर्भागात शिरण्याचा अविचार करून बसले आणि 1922 च्या ऑगस्टमध्ये पुरते मोडले. माघार घेताना त्याने तुर्कांची गावे जाळली, हेही सांगितले पाहिजे. या साहसाची किंमत मात्र तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या सामान्य ग्रीकांनी मोजली. 9 सप्टेंबरला तुर्की फौज स्मर्नात शिरली. 13 तारखेला शहर पेटले. मागे आग, पुढे पाणी, अशा धक्क्यावर लाखो जीव कोंडले गेले. बंदरात बड्या राष्ट्रांच्या लढाऊ नौका उभ्या होत्या. परंतु तटस्थतेचे पथ्य पाळण्याच्या नादात त्यांनी सुरुवातीला आपापल्या नागरिकांपुरतेच पाहिले. कोंडी फुटली ती एसा जेनिंग्ज या अमेरिकन पाद्र्याच्या हट्टामुळे. त्याच्यापाशी ना हुद्दा होता, ना अधिकार. मिटिलिनीला रिकामी उभी असलेली ग्रीक जहाजे द्या, असा धोशा त्याने अथेन्सकडे लावला आणि ती घेऊनच तो परतला.

सुमारे 50 लाख वस्तीच्या दरिद्री, पराभूत देशात 12 लाख माणसे आली. अथेन्सच्या नगर-नाट्यगृहात प्रेक्षकांच्या एकेका सज्जात एकेक कुटुंब संसार मांडून राहिले. माक्रोनिसी बेटावर प्रलापक ज्वराने पछाडलेल्यांना वेगळे ठेवावे लागले. अमेरिकन रेड क्रॉसने अन्न पुरवले, पण 1923 च्या मध्यास ते काम आवरते घेतले. ‘नीअर ईस्ट रिलीफ’ने हजारो अनाथ मुलांना अनातोलियातून आणून सांभाळले.

दरम्यान, 30 जानेवारी 1923 रोजी लोझान येथे लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला आणि हकालपट्टीला कायद्याचे वस्त्र मिळाले. साडेतीन लाखांच्या वर मुसलमानांनाही ग्रीस सोडावा लागला. कसोटी एकच, धर्माची. तुर्कीखेरीज दुसरी भाषा न येणारे ख्रिस्ती ‘ग्रीक’ ठरले, आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान ‘तुर्क’. परिषदेचे सूत्रधार होते लॉर्ड कर्झन, 1905 साली बंगालची फाळणी करणारे! हा उपाय दुष्ट आहे असे त्यांचेही मत होते. म्हणून तो थांबला मात्र नाही.

उखडलेला माणूस बरोबर काय घेतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. सोळाव्या शतकात साष्टीतील आपल्या पूर्वजांनी देव उचलले आणि नदी ओलांडून अंत्रुज गाठले. सुमेला मठातील मातेची प्रतिमा मठवासीयांनी 1923 मध्ये पुरून ठेवली. 1931 साली ती उकरून ग्रीसला नेण्यात आली. आज ती व्हेरियाजवळच्या डोंगरावर आहे. अथेन्सच्या वेशीवर ‘नवे स्मर्ना’ वसले तेही याच ओढीने.

परंतु देव आले, नाव आले, पोटाचे काय? राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली 1923 साली निर्वासित वसाहत आयोग स्थापन झाला. हेन्‍री मॉर्गेन्थाऊ त्याचे पहिले अध्यक्ष. त्याच्या घटनेतील एक अट आम्हाला फार मोलाची वाटते. आयोगाचा पैसा तात्पुरत्या मदतीवर खर्चायचा नाही. निर्वासिताला उत्पादक धंद्याला लावण्यासाठीच तो वापरायचा. ग्रीक सरकारने 5 लाख हेक्टर जमीन द्यायची, आयोगाने घर, बी-बियाणे, नांगर, जनावरे पुरवायची. मॅसिडोनियातील हिवतापाच्या दलदली उपसून शेते झाली. गालिचे विणणाऱ्या स्मर्नाच्या स्त्रियांनी आपला हुन्नर इकडे रुजवला. 1930 मध्ये आयोग बरखास्त झाला.

हा धर्मादाय नव्हता. 1924 चे कर्ज 7 टक्के व्याजाचे होते आणि त्यासाठी ग्रीसला जकातीचे उत्पन्न तारण ठेवावे लागले. सावकाराची नजर त्यात होतीच. शहरांतील निर्वासित तर कित्येक वर्षे पत्र्यांच्या झोपड्यांत कुजले. आयोगाला गाव वसवता आले, शहर सांभाळता आले नाही. तरीही तळ फुटलेला रांजण याला कोणी म्हणू नये.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोड येथे तिबेटी निर्वासितांना 1966 पासून जमीन मिळाली. ते आजही तेथे मका-भात पिकवतात. मात्र 1951 च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केलेली नाही, आणि आपला स्वतःचा निर्वासित कायदाही नाही. परिणामी कोणाला जमीन मिळावी आणि कोणाला स्थानबद्धता, हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर राहिले आहे. हा कायदा संसदेने करावा, आणि त्यात धान्याच्या पोत्यांआधी कामाचा हक्क लिहावा.