माकडाचा खटला आणि माणसांची मोजदाद

नोव्हेंबर २०२४ मधल्या अमेरिकन निवडणुकीचा नकाशा आपण सर्वांनीच टीव्हीवर पाहिला. देशभर पसरलेला लाल रंग आणि त्यात मोठ्या शहरांचे निळे ठिपके. खेड्यांनी शहरांवर सूड उगवला, असे एक भाष्यकार सांगत होते आणि हे सारे जणू कालपरवा घडले असा त्यांचा सूर होता. मला मात्र त्या रात्री टेनेसी राज्यातले डेटन आठवत राहिले.

माझा भाचा चॅटनूगा इथे नोकरीला आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो असताना एका रविवारी त्याने मला तासाभराच्या अंतरावरच्या या गावी नेले. लाल विटांची, घड्याळाच्या मनोऱ्याची १८९१ मधली कचेरी, समोर हिरवळ, मोठाली झाडे. याच कचेरीत जुलै १९२५ मध्ये जॉन स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकावर, माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असे शिकवल्याबद्दल खटला चालला. "मामा, मास्तराला असल्या गोष्टीसाठी कोर्टात उभे करायचे, काय ही माणसे!" भाचा म्हणाला. मीही कॉलेजच्या दिवसांत फिल्म सोसायटीत या खटल्यावर बेतलेला 'इनहेरिट द विंड' पाहून हेच म्हणालो होतो. इकडे शहाणे शहर, तिकडे अडाणी खेडे. इतके सरळ वाटले होते.

प्रत्यक्षात तो खटला गावातल्या एका औषधाच्या दुकानात बसून ठरवला गेला. टेनेसीने मार्च १९२५ मध्ये उत्क्रांतिवाद शिकवण्याला बंदी केली. न्यूयॉर्कच्या नागरी स्वातंत्र्यवादी संस्थेने, या कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खर्च आम्ही उचलू, अशी जाहिरात दिली. डेटनच्या खाणी-भट्ट्यांचा धंदा बसत चालला होता, वस्ती जेमतेम दोन हजारांच्या आतबाहेर. गावच्या चार प्रतिष्ठितांनी विचार केला, खटला आपल्याकडे झाला तर गावाचे नाव होईल, चार पैसे येतील. त्यांनी स्कोप्सला बोलावून घेतले. नाव झाले खरे, पण कसे? शंभराहून अधिक पत्रकार आले, शिकागोच्या रेडिओ केंद्राने कामकाज थेट ऐकवले आणि बाल्टिमोरच्या एच. एल. मेंकेन या धारदार लेखणीच्या पत्रकाराने गावकऱ्यांना देशभर हास्यास्पद ठरवले. ज्यूरीने नऊ मिनिटांत निकाल दिला. दंड शंभर डॉलर. पुढे १९२७ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तांत्रिक मुद्द्यावर तोही रद्द केला. कायदा मात्र १९६७ पर्यंत पुस्तकात राहिला.

हिरवळीवर आज दोन पुतळे आहेत. सरकार पक्षातर्फे उभे राहिलेल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनचा २००५ मधला आणि बचाव करणाऱ्या क्लॅरेन्स डॅरोचा २०१७ मधला. चित्रपटाने ब्रायनला विदूषक करून टाकले. हा माणूस तीन वेळा अध्यक्षपदाचा उमेदवार होता. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची बाजू त्याने १८९६ पासून मांडली, प्राप्तिकराचा आणि स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार केला. त्याचा मुख्य आक्षेप धर्माचाच होता, हे खरे. पण 'बळी तो कान पिळी' हे विज्ञानाच्या नावाखाली खपवले जाईल, ही भीतीही त्यात होती. ती अगदीच निराधार म्हणवत नाही. स्कोप्सच्या वर्गातल्या त्या पाठ्यपुस्तकात गोऱ्या वंशाला सर्वांत वरचे स्थान होते आणि 'निकृष्ट' माणसांची पैदास रोखण्याची भलामणही होती. खटला संपल्यावर पाचव्या दिवशी ब्रायन डेटनमध्येच वारला.

मग खेड्यांना एवढा राग कशाचा आला होता? माझ्या मते माकड हे निमित्त होते. १९२० च्या अमेरिकन जनगणनेत इतिहासात पहिल्यांदा निम्म्याहून अधिक लोक, शंभरातले एक्कावन्न, शहरांत राहतात असे आढळले. (शहर म्हणजे अडीच हजार वस्तीचे गाव. आपल्याकडे ते खेडेच ठरले असते!) डेट्रॉइटची वस्ती दहा वर्षांत दुपटीहून वाढून दहा लाखांच्या घरात गेली. त्याच सुमारास शेतमालाचे भाव कोसळले. महायुद्धात बुशेलला दोन डॉलरच्या वर असलेला गहू १९२१ मध्ये एका डॉलरच्या आसपास आला. युद्धातल्या तेजीत कर्ज काढून जमिनी घेतलेल्यांचे काय झाले असेल ते विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. शहरात घरोघरी वीज आली. तिकडे शेतांवर १९३० च्या दशकातसुद्धा दहांतल्या नऊ घरी कंदीलच होता. बरे, ही माणसे नव्याच्या विरुद्ध होती असेही नाही. नळ नसलेल्या घरापुढेही फोर्ड गाडी उभी असे. पण त्याच गाडीत बसून मुलगा शहरात जाई आणि परत येत नसे.

या रागाने तीन रस्ते धरले. पहिला दारूबंदी, जानेवारी १९२० पासून देशभर. नवऱ्याच्या व्यसनाने पोळलेल्या बायकांचे दुःख त्यात खरे होते. 'आडवी बाटली' पाहिलेल्या महाराष्ट्राला ते कळेल. पण शहरी गुत्ता म्हणजे आयरिश, जर्मन, इटालियन आणि कॅथलिक, ही चीडही तितकीच होती. दुसरा रस्ता कू क्लक्स क्लॅनचा. १९१५ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या या संघटनेत काही वर्षांत लाखो लोक शिरले. मात्र त्यांना सरसकट खेडवळ म्हणण्यात चूक आहे. शिकागो, डेट्रॉइट, इंडियानापोलिस या शहरांतही क्लॅनचे मोठे बळ होते. शेजारी नवे लोक राहायला आले म्हणून बिथरलेला शहरी माणूस त्यात पुष्कळ होता. आणि १९२४ मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात क्लॅनचा नाव घेऊन निषेध करण्याचा ठराव जेमतेम एका मताच्या फरकाने पडला, तेव्हा नाव घेऊ नका म्हणणाऱ्यांत ब्रायन होता. शेतकऱ्याचा कैवारी म्हणून त्याला हे माफ करता येणार नाही.

तिसरा रस्ता परदेशी माणसाला दार बंद करण्याचा. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाचा कोटा ठरवला तो १८९० च्या जनगणनेवरून, म्हणजे इटालियन आणि ज्यू मोठ्या संख्येने येण्याआधीच्या आकड्यांवरून. आशियाई लोकांना तर जवळजवळ पूर्ण मज्जाव. भारतीयांना १९१७ च्या कायद्यानेच रोखले होते, १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस नागरिकत्वास अपात्र ठरवला. १९४६ मध्ये दार किलकिले झाले, वर्षाला शंभर भारतीय! ते उघडले १९६५ मध्ये. आज तिथे दिसणारी बहुतेक महाराष्ट्र मंडळे त्यानंतरची आहेत. माझा भाचा चॅटनूगाला आहे तोही त्यामुळेच.

या तिन्हींतून गव्हाचा भाव एका सेंटनेही वाढला नाही. शेतमालाला आधार देणारे विधेयक अध्यक्ष कूलिज यांनी १९२७ मध्ये आणि पुन्हा १९२८ मध्ये नाकारले. दारू बंद होऊ शकली, डार्विन बंद होऊ शकला, पण शेतकऱ्याच्या खिशाचा प्रश्न तिथेच राहिला. आणि शहर काय करत होते? हसत होते. मेंकेनचे लेख आजही चुरचुरीत वाटतात. पण ज्याला हसले जाते तो वाद हरला तरी मत बदलत नाही, हे त्या हुशार माणसाच्या ध्यानात आले नसावे.

माझ्या दृष्टीने या दशकातली सर्वांत मोठी घटना मात्र चौथीच आहे आणि तिच्यावर कुणी चित्रपट काढलेला नाही. अमेरिकेच्या घटनेनुसार दर दहा वर्षांनी जनगणना झाली की प्रतिनिधिगृहाच्या जागांचे राज्यांत नव्याने वाटप व्हायला हवे. १९२० नंतर ते झालेच नाही. ग्रामीण सदस्यांना दिसत होते की जागा शहरांकडे जाणार. त्यांनी हरकत घेतली, जनगणना जानेवारीत घेतली, हिवाळ्यात शेतगडी कामासाठी शहरात गेलेले असतात, म्हणून आकडेच खोटे. वाद ताणत ताणत कायदा झाला १९२९ मध्ये आणि नव्या वाटपावर पहिली निवडणूक झाली १९३२ मध्ये. म्हणजे अख्खे दशक देश १९१० च्या मोजणीवर चालला. कोटा १८९० चा, जागा १९१० च्या! ज्या टेनेसीत माकडाचा खटला झाला, त्या राज्याने तर १९०१ नंतर आपल्या विधिमंडळाचे मतदारसंघच बदलले नव्हते. मेम्फिस, नॅशव्हिल वाढत गेली आणि त्यांच्या मतांची किंमत घटत गेली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात लक्ष घातले, ते टेनेसीच्याच एका नागरिकाच्या अर्जावरून.

डॅरो उलटतपासणीत ब्रायनला निरुत्तर करत होता, तेव्हा हे चालू होते. लोकांचे लक्ष हिरवळीवर, सत्ता मोजदादीत. आजही सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला आणि चार कोटींच्या जवळ असलेल्या कॅलिफोर्नियाला सिनेटमध्ये सारख्याच दोन जागा आहेत.

डोंबिवलीत बसून मी त्या ग्रामीण सदस्यांना अप्रामाणिक ठरवायला निघालो होतो. पण माझे मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. २००८ च्या पुनर्रचनेत रत्नागिरी जिल्ह्याच्या विधानसभेच्या सात जागांच्या पाच झाल्या, संगमेश्वर हा मतदारसंघच उरला नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या जागा तेरावरून चोवीस झाल्या. हिशेब चोख होता, कारण माणसे खरोखरच इकडे आली. मीही आलो. गावी राहून बाग सांभाळणारा धाकटा भाऊ त्या वेळी म्हणाला होता, "दादा, तू गेलास तो गेलास, आमचा आमदारही घेऊन गेलास." मला उत्तर सुचले नव्हते.

आपली २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. ती २०२७ मध्ये, १ मार्च हा संदर्भ दिनांक धरून घेण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा मी भावाला फोन करून अमेरिकेतल्या त्या जानेवारीची हकिगत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली. म्हणाला, "मग त्यांचे काय चुकले? १ मार्चला आमच्याकडे शिमगासुद्धा लागलेला नसतो. गणपतीत मोजा म्हणावे, तेव्हा बघू वाडीत किती माणसे आहेत ती."