डायलिसिसच्या आधीची वर्षे

जागतिक आरोग्य सभेने मे २०२५ मध्ये मूत्रपिंडाच्या आरोग्याविषयी ठराव संमत केला. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग यांच्या सावलीत राहिलेल्या या आजाराला जागतिक पातळीवर असे स्वतंत्र स्थान पहिल्यांदाच मिळाले. भारतात सरकारचे लक्ष मात्र आजवर मुख्यतः एकाच गोष्टीकडे राहिले, ती म्हणजे डायलिसिस. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत सोय होऊ लागली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. हे आवश्यक होतेच. पण डायलिसिस ही आजाराची अखेरची पायरी. आठवड्यातून साधारण तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास यंत्राला जोडून घ्यायचे, त्यासाठी तालुक्याहून जिल्ह्याला जायचे, सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडवायची. उपचार मोफत असला तरी घर मोडकळीला येते ते यामुळे. त्याआधीच्या वर्षांत रुग्णाला काय शिकवले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, तर प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक जणांना उच्च रक्तदाब. मूत्रपिंड निकामी होण्याची ही दोन मोठी कारणे. या रुग्णांना तज्ज्ञ डॉक्टर भेटतात ते तीन महिन्यांतून एखाद्या वेळी, तेही दहा मिनिटे. मधल्या नव्वद दिवसांत काय खायचे, कोणती गोळी घ्यायची, दुकानातून काय आणायचे, हे सारे निर्णय रुग्ण आणि त्याच्या घरचेच घेतात. म्हणजे आजाराची बरीचशी व्यवस्था त्यांच्याच हाती असते. फक्त ती कशी करायची, हे बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते.

आकड्यांची ओळख

मूत्रपिंडाचा आजार दुखत नाही. मूत्रपिंडांची साधारण निम्मी क्षमता जाईपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन 'नॉर्मल' मर्यादेत दिसू शकते. म्हणून रुग्णाला दोन आकडे माहीत हवेत. पहिला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिला तर आजार दीर्घकालीन समजतात. १५च्या खाली गेला की पाचवा, शेवटचा टप्पा. दुसरा आकडा लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा. ईजीएफआर चांगला असतानाही तो वाढू शकतो आणि धोक्याची सूचना देतो. ही तपासणी महाग नाही. तरी मधुमेहाची फाइल जाडजूड आणि लघवीतील अल्ब्युमिन कधीच तपासलेले नाही, असे चित्र सर्रास दिसते.

तिसरा आकडा रुग्णाने स्वतः घ्यायचा, तो रक्तदाबाचा. दंडाला पट्टा बांधायचे यंत्र घ्यावे, पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीला टेकवावा, दोनदा मोजावे आणि वहीत तारखेसह लिहावे. दवाखान्यातील एका मोजणीपेक्षा अशी वही डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते.

सल्ल्यांची गल्लत

या रुग्णाला सल्ल्यांची कमतरता नसते. बहुतेक सल्ले भलत्याच आजाराचे असतात. 'भरपूर पाणी प्या, किडनी साफ होते' हा सल्ला मुतखड्यासाठी ठीक. लघवी कमी होऊन पायांना सूज आलेल्या रुग्णाला तोच श्वास लागेपर्यंत नेऊ शकतो. शहाळ्याचे पाणी एरवी चांगले. पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. ज्याच्या रक्तात ते आधीच वाढलेले आहे, त्याच्या हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. कमरख हे फळ तर मूत्रपिंडाच्या रुग्णाने टाळावेच; त्यातील विषारी घटक शरीराबाहेर न पडता मेंदूवर परिणाम करतो.

मिठाचेही तसेच. देशात सरासरी माणूस दिवसाला सुमारे ८ ग्रॅम मीठ खातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमची. लोणचे, पापड, फरसाण आणि ठेचा यांना आवर घालावा लागतो. मीठ सोडून सैंधव घेतल्याने काही साधत नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बाजारातील 'लो सोडियम' मिठात सोडियमऐवजी बरेचदा पोटॅशियम असते. असे मीठ वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये केली, तेव्हा मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्यातून स्पष्टपणे वगळले. पाकिटावरची ती बारीक अक्षरे कोण वाचणार?

प्रथिनांबाबत दुसरे टोक दिसते. 'डाळ बंद' असे ऐकून रुग्ण भात आणि पातळ भाजीवर येतात, स्नायू झिजतात, अशक्तपणा वाढतो. २०२४च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना डायलिसिसवर नसलेल्या प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. डाळ मोजून खायची आहे, सोडायची नाही. डायलिसिस सुरू झाल्यावर तर प्रथिनांची गरज वाढते, हे अनेकांना सांगितलेलेच नसते.

गोळ्यांची वही

औषधांत गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला. मधुमेहासाठी आलेली डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मूत्रपिंडाचा आजार बळावण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी करतात, मधुमेह नसलेल्या रुग्णांतही, हे मोठ्या चाचण्यांत दिसले. एकस्वाची मुदत संपल्यावर, पहिल्याचे २०२० मध्ये आणि दुसऱ्याचे २०२५ मध्ये, भारतात त्यांच्या किमती खूप उतरल्या. पण ही औषधे किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन सुरुवातीला थोडे वाढू शकते. ते बहुधा अपेक्षितच असते. रुग्णाला हे आधी सांगितले नाही, तर तो रिपोर्ट पाहून घाबरतो आणि ज्या गोळीने मूत्रपिंड वाचणार तीच परस्पर बंद करतो.

उलट्या-जुलाब झाले, अंगातले पाणी कमी झाले, तर यांतल्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेले बरे. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळायच्या. कशाकशाचे मिश्रण आहे हे न सांगणाऱ्या पुड्या आणि भस्मेही. आजार पुढे सरकला असेल तर ज्या हाताने काम करत नाही त्या हाताच्या शिरा जपाव्यात, रक्त दुसऱ्या हाताचे द्यावे. पुढे फिस्टुला करायची वेळ आली तर त्याच शिरा उपयोगी पडतात.

शिकवण्याचे मोल

रुग्णशिक्षणाच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. अशा उपक्रमांनी रक्तदाब आणि पथ्यपाणी सुधारते, पण नुसत्या शिकवण्याने मूत्रपिंडाची घसरण थांबते याचा पुरावा तेवढा भक्कम नाही. घसरण मंदावते ती योग्य औषध आणि सांभाळलेला रक्तदाब यांमुळे. शिकलेला रुग्ण ते दोन्ही टिकवतो. आणि 'स्वतःची काळजी घ्या' हे वाक्य दोष रुग्णावर ढकलण्यासाठी वापरले, तर ते अन्यायाचे होईल. हातावर पोट असलेल्याला वेगळा स्वयंपाक परवडत नाही. घरात वाढणारी व्यक्ती शिकली नाही, तर रुग्णाने शिकूनही फारसा उपयोग नाही.

डायलिसिसवरील रुग्णांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी एक म्हणजे तैवान. तिथल्या आरोग्य विम्याने २००६ पासून डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यातील रुग्णांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. तज्ज्ञ डॉक्टर, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ रुग्णाला नियमित शिकवतात, आणि रुग्णालयाला त्याचे पैसे मिळतात. आपल्याकडे डायलिसिसचे प्रत्येक सत्र मोजले जाते, त्याचे देयक निघते. परिचारिकेने अर्धा तास बसून वही कशी भरायची, डाळ किती खायची हे सांगितले, तर त्याचा हिशेब कुठेच होत नाही.

हा हिशेब सुरू करायला नवी इमारत लागत नाही. मधुमेह आणि रक्तदाबाच्या सरकारी तपासणीत लघवीतील अल्ब्युमिनची वार्षिक चाचणी आणावी. आकडे आणि गोळ्यांची मराठी वही प्रत्येक रुग्णाला द्यावी. रुग्ण आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती या दोघांना मिळून शिकवण्याचा वेळ उपचार म्हणून धरावा आणि योजनांतून त्याचे पैसे द्यावेत. डायलिसिसच्या खुर्च्या वाढवाव्या लागतीलच. पण त्यांवर बसण्याची वेळ किती जणांवर आणि किती लवकर येते, हे ठरते ते त्याआधीच्या वर्षांत, घरात.